पद्माक्का आणि मेंढ्यांचं पाणी

पद्माक्का समोरून येताना दिसल्या की आमच्या डिपार्टमेंटात माणसं श्वास रोखून धरत. शिपायापासून हेडपर्यंत सगळे. कॉरिडॉरच्या त्या टोकाला त्यांची सुती साडी आणि त्यावरचा राखाडी स्वेटर दिसला की चाललेलं बोलणं तिथंच थांबायचं. त्या कोपऱ्यावरून वळल्या की सगळे एकदम श्वास सोडायचे आणि एकमेकांकडे बघून ओशाळं हसायचे.

कारण साधं होतं. अक्का माणसाचा श्वास ऐकत. बोलता बोलता मध्येच थांबायच्या, मान जराशी कलती करायच्या, डोळे तुमच्या चेहऱ्यावरून काढून कुठेतरी तुमच्या बरगड्यांच्या बाजूला ठेवायच्या आणि ऐकायच्या. मग अर्धं राहिलेलं वाक्य जिथं तुटलं होतं तिथून पुढे चालू. काय ऐकलं ते त्या कधीच सांगत नसत. सांगितलं असतं तर लोक इतके घाबरले नसते.

त्यांचं पूर्ण नाव डॉ. पद्मा बनसोडे. जन्म हुबळीचा, रेल्वेच्या क्वार्टर्समधला. वडील गँगमन. आई चार घरची भांडी घासायची. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि अक्का बोलायच्या तेव्हा दोन्ही एकाच ताटात. नोकरी धारवाडच्या विद्यापीठात असूनही त्या जुनी हुबळी सोडायला तयार नव्हत्या. एका अरुंद बोळात, खाली बांगड्यांचं दुकान आणि वर दोन खोल्या, तिथं त्या एकट्या राहत. मी दाजीबानपेठेतली. आमच्या अप्पांचं तिथं कापडाचं दुकान. त्यामुळे सकाळी धारवाडची बस दोघींची एकच, आणि नंतर मीही तिथं शिकवायला लागले तेव्हा डिपार्टमेंटही एकच झालं. पण मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, मैत्रीण म्हणावं तर वयात फार अंतर. शेजारच्या सीटवर बसणारी, एवढंच म्हणता येईल.

वर्षातून एकदा त्या अप्पांच्या दुकानात यायच्या. साड्या समोर पसरल्या की त्या रंग बघत नसत, काठ बघत नसत. "अण्णा, उलटी बाजू दाखवा," म्हणायच्या. मग ती साडी उलटी करून तिच्या आतल्या अंगावरून तळवा फिरवत राहायच्या. सुटलेले धागे, गाठी, काठाच्या मागचं विणकाम. अप्पा त्या गेल्यावर म्हणायचे, "बाकीच्या बायका पदर बघतात. ही बाई मागचं बघते. घेते मात्र चांगलंच हं."

आतली बाजू हे त्यांचं आयुष्यभराचं कामच होतं. अक्कांचा विषय रेट्रोव्हायरस, आणि त्यातलंही एकच प्रथिन, मॅट्रिक्स. विषाणूच्या आवरणाला आतून अस्तरासारखं लागून असतं ते. सगळं जग विषाणूच्या बाहेरच्या काट्यांवर काम करत होतं, त्यावर लस, त्यावर औषध. अक्का अस्तरावर अडकून बसल्या होत्या.

"पेशीत शिरतो कसा, हेच विचारतात सगळे," त्या वर्गात म्हणायच्या. "शिरायला काय, चोरही शिरतो. जातो कसा ते विचारा की! आला तेव्हा एकटा होता. जाताना शंभर होऊन जातो, आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याच घराचं कापड. ते कापड आतून ओढून कोण घेतं?"

त्यांचा तो तास मी एकदा दारातून पाहिला. पुढच्या तासाला मला तोच वर्ग हवा होता म्हणून मी जरा आधी गेले होते. अक्कांनी खिडक्या लावायला लावल्या होत्या, बाकं मधोमध ओढली होती आणि सगळ्या मुलांना डोळे मिटून उभं केलं होतं.

"तुम्ही मॅट्रिक्स," अक्का सांगत होत्या, हळू आवाजात. "भिंत कुठाय तुम्हाला दिसत नाही. तुमच्या तळव्यावर धन विद्युतभार आहे. भिंतीच्या आतल्या अंगाला ऋण. म्हणून तळवे पुढं धरा आणि चाला. पोटात चरबीची एक शेपटी दुमडून ठेवलीय, ती एवढ्यात काढायची नाही."

मुलं आंधळ्यासारखी चालत भिंतीपर्यंत गेली. तळवे भिंतीला लागले.

"शेजारी कोण आलंय? त्याला चिकटा. तिघं तिघं व्हा. झालात? आता शेपटी सोडा. भिंतीत रोवा. आता मागून अजून येणार आहेत, जागा करा. खांद्याला खांदा. आणि ढकला."

कुणी हसलं नाही. एवढी मुलं, माझ्याकडे पाठ करून, भिंतीला तळवे लावून उभी, आणि खोलीत फक्त श्वासांचा आवाज. मला दारात उभं राहवेना. ती भिंत आता बाहेरच्या बाजूला फुगेल, असं काहीतरी वाटायला लागलं. तेवढ्यात कोपऱ्यातली एक मुलगी रडायला लागली. "मॅडम, भिंत गरम झाली," ती म्हणाली. "आतून कुणीतरी हात लावलाय."

मला वाटलं अक्का तिला समजावतील. त्या तिच्याजवळ गेल्या, तिच्या तळव्यांच्या मधल्या जागेवर स्वतःचा तळवा ठेवला, मान कलती केली. बराच वेळ तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "बास. डोळे उघडा. बाहेर चला सगळे." आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी बाहेर आल्या, दार ओढून घेऊन. मी माझा तास त्या दिवशी झाडाखाली घेतला.

बसमध्ये मी विचारलं, "काय होतं हो अक्का भिंतीत?"

"काही नाही गं. घाबरलं पोर." मग थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "पण गरम होती हौद."

हौद म्हणजे कन्नडमधलं 'हो'.

श्वास ऐकायची सवय त्यांना मेंढ्यांनी लावली. मेंढ्यांचा एक रोग आहे, फुप्फुसाचा. तोही रेट्रोव्हायरसमुळेच होतो. आमच्याकडे गुरांचे डॉक्टर हिरेमठ म्हणून होते, त्यांना धारवाडच्या पलीकडे एका कळपात तो असावा असा संशय आला, म्हणून त्यांनी अक्कांना बोलावलं. अक्कांनी मला सोबत घेतलं, बाटल्या धरायला.

थंडीचे दिवस होते. ज्वारी निघालेल्या रानात कळप बसला होता आणि वर धुकं होतं, त्यामुळे मेंढ्या दिसण्याआधी ऐकू आल्या. लांब कुठंतरी मोठ्या पातेल्यात भात रटरटतोय तसा आवाज. जवळ गेलो तर चूल नव्हती, पातेलं नव्हतं. एक मेंढी उभी होती. हाडं निघालेली, पण शांतपणे धाटं चघळत. आवाज तिच्या आतून येत होता.

कळपाचा मालक सिद्दप्पा, पन्नाशीचा, घोंगडी गुंडाळून उकिडवा बसलेला. "नीर बंदाव्री, अक्कार," तो म्हणाला. पाणी आलंय.

हिरेमठांनी आणि त्यानं मिळून त्या मेंढीचे मागचे पाय उचलले, लहान मुलं ढकलगाडी खेळतात तसे. तिचं डोकं खाली गेलं आणि तिच्या दोन्ही नाकपुड्यांतून पाणी वाहायला लागलं. स्वच्छ, फेसाळ. थंडीत त्याची वाफ होत होती. मला वाटलं आता थांबेल. थांबेना. अक्का गुडघ्यावर बसून बाटली धरून होत्या, बाटली भरली, मी दुसरी दिली. मेंढीनं एकदाही आवाज केला नाही. पाय खाली सोडल्यावर तिनं मान झटकली आणि पुन्हा धाटं चघळायला लागली, जणू काही झालंच नाही.

अक्कांनी तिच्या बरगड्यांना कान लावला. डोळे मिटून घेतले. हिरेमठ दोनदा म्हणाले, "मॅडम, स्टेथोस्कोप आहे की," पण त्यांना ऐकू आलं नसावं.

मग उठून त्यांनी सिद्दप्पाला विचारलं, "हिच्या शेजारी कोण झोपतं?"

सिद्दप्पानं एक काळ्या तोंडाची म्हातारी मेंढी दाखवली. ह्या दोघी बहिणींसारख्या, म्हणाला, कायम अंगाला अंग लावून. एक खंगत चाललीय आणि दुसरीला काही नाही. अक्कांनी त्या म्हातारीलाही कान लावला. मग दोघींचं रक्त घेतलं. जाताना म्हणाल्या, "हिला विकू नको हं. मला हवीय ती." सिद्दप्पानं मान हलवली. त्या दिवसापासून अक्का दर महिन्याला कळप जिथं असेल तिथं जायला लागल्या आणि त्या दिवसापासून माणसांचंही ऐकायला लागल्या. थांबवता येत नाही, म्हणायच्या. एकदा कान लागला की लागला.

त्या म्हातारीच्या पेशी त्यांनी काचेच्या बशीत वाढवल्या. एका दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन फक्त "चल," म्हणाल्या. सूक्ष्मदर्शकाची खोली काळ्या पडद्यांची. पहिल्या बशीत आजारी मेंढीच्या पेशी होत्या, मॅट्रिक्सला हिरवा रंग चढवलेला. प्रत्येक पेशीच्या कडेला आतून हिरवे ठिपके, लग्नघराच्या कुंपणावर माळा सोडाव्यात तसे.

"हे निघालेत," अक्का म्हणाल्या. "आता ही बघ. म्हातारीची. हिच्यात मी तोच विषाणू सोडला होता."

मी बघितलं. कडा काळी होती. "कडेला कुणीच नाही, अक्का."

"मधे बघ."

पेशीच्या मधोमध, केंद्रकाला टेकून, एक हिरवा गोळा होता. एकच. सगळे ठिपके तिथं गोळा होऊन बसल्यासारखे.

अक्कांनी अंधारातच समजावलं. लाखो वर्षांपूर्वी असाच एक विषाणू मेंढ्यांच्या पूर्वजात शिरला, आणि बाहेर न पडता त्यांच्या बीजातच राहिला. आईकडून कोकराकडे, कोकराकडून त्याच्या कोकराकडे. आता तो मेंढीचाच आहे. त्याचं मॅट्रिक्स अगदी नव्यासारखंच, तीच घडी, फक्त साखळीतला एक मणी वेगळा. तेवढ्यानं त्याला भिंतीची वाट सापडत नाही. आणि नवा विषाणू आत येऊन आपली प्रथिनं तयार करायला लागला की हे जुने त्यांचा हात धरतात. तिघांत एक जुना आला की ते त्रिकूट कडेला जातच नाही. मधेच बसून राहतं.

"जुन्यांनी धरून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "सोडतच नाहीत."

बाहेरच्या देशांत हे आधीच पाहिलेलं होतं, आणि अक्का ते प्रत्येकाला आवर्जून सांगत. आपल्याकडच्या मेंढ्यांत तो पहारा कुणात आहे नि कुणात नाही, एवढंच त्यांना शोधायचं होतं. तसं कळलं तर सिद्दप्पासारख्यांना कोणती कोकरं वाढवावीत ते सांगता येईल, इतका साधा हिशेब. पण त्या खोलीत बसून तो हिशेब साधा वाटत नव्हता.

"माणसांतही आहेत का असले?" मी विचारलं.

"आहेत की. तुझ्यात आहेत, माझ्यात आहेत. हिरेमठांत पण."

"मेलेले ना पण?"

पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. "निजलेत म्हण. पण झोपेत माणूस कूस बदलतो की नाही?"

पुढची चार-पाच वर्षं अशीच गेली. मग एके दिवशी बसमध्ये, विद्यानगरच्या अलीकडे, अक्का मला कुठल्यातरी परीक्षेच्या गोंधळाबद्दल सांगत होत्या आणि मध्येच थांबल्या. मान कलती झाली. मी सवयीनं श्वास रोखला. स्टॉप आला, माणसं उतरली, चढली, बस सुटली. अक्का अजून ऐकतच होत्या. माझा श्वास तर बंद होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या माझं ऐकत नव्हत्या.

"लांब आहे अजून," त्या म्हणाल्या. "पण भात लागलाय चुलीवर."

डॉक्टरांनी दोन महिन्यांनी तेच सांगितलं, त्यांच्या शब्दांत. फुप्फुसाचा कर्करोग, आणि त्यातला तो विरळा प्रकार, ज्यात फुप्फुसात पाणी सुटतं. हॉस्पिटलात मी गेले तेव्हा नर्स त्यांच्या पलंगाची पायाकडची बाजू हँडल फिरवून वर करत होती. अक्कांचं डोकं खाली आलं, त्या कुशीवर वळल्या, आणि नर्सनं धरलेल्या भांड्यात पाणी पडायला लागलं. स्वच्छ, फेसाळ. मी दाराशीच उभी राहिले. ते संपल्यावर अक्कांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलं होतं ते वाचलं.

"मलापण तेच वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हणून बघूया की. वाटून काय होतंय?"

त्यांनी स्वतःच्या फुप्फुसाचा तुकडा डॉक्टरांकडून रीतसर मागून घेतला. तपासणी स्वतः करायची नाही, असं ठरवलं. हिरेमठांनी नळ्या भरल्या, नावं झाकली, आणि कुठल्या नळीत मेंढी आणि कुठल्या नळीत अक्का हे माहीत नसताना मी ती तपासणी केली. मग झाकलेली नावं उघडली. मेंढीच्या नळीत मेंढीचा विषाणू होता. अक्कांच्या नळीत तो नव्हता. पुन्हा केली. नव्हता. माणसाचे जुने, निजलेले तेवढे दिसले, आणि ते हिरेमठांच्या रक्तातही तसेच दिसले, माझ्याही.

मी जुन्या हुबळीत त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्या खिडकीपाशी, ऑक्सिजनची नळी नाकाला लावून बसल्या होत्या. सिलिंडर छोट्या ट्रॉलीवर.

"बरं झालं," म्हणाल्या. "माझं माझ्यातच सुरू झालंय तर." आणि लगेच, "सिद्दप्पाला फोन कर. तो विचारणार नाही. मनातल्या मनात मरत असेल."

सिद्दप्पा खरंच मनातल्या मनात मरत होता. मी सांगितलं ते त्यानं फोनवर माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

पण बातमी आमच्या आधी फुटली होती. कुणी फोडली ते कळलं नाही. मोबाईलवर एक व्हिडिओ फिरायला लागला, नाकातून पाणी वाहणारी कुठलीतरी मेंढी, आणि त्यावर कन्नडमध्ये, मेंढ्यांचा रोग माणसाला, धारवाडच्या मॅडमना लागण. हिरेमठांनी खुलासा लिहून पाठवला, तो कुणी वाचला नाही. मटणाची दुकानं ओस पडली. आणि एका दुपारी सिद्दप्पाचा अक्कांना फोन आला. हुबळी-धारवाडच्या मधे एक नवीन लेआउट, म्हणजे घरांची वसाहत, झालाय, त्याच्या पलीकडच्या तळ्यावर तो दर उन्हाळ्यात कळप नेतो. लेआउटच्या लोकांनी रस्त्यात मोटारसायकली आडव्या लावल्या होत्या. मेंढ्या आदल्या दिवसापासून पाण्यावाचून होत्या. एकाला दगड लागला होता, सिद्दप्पाच्या भावाला.

"ऑटो बोलव," अक्का मला म्हणाल्या.

"अक्का, डॉक्टरांनी—"

"बोलव गं."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एका बाजूला कळप, माना खाली टाकून धापा टाकणारा. दुसऱ्या बाजूला पंचवीसेक माणसं, चांगली शिकलेली, घरचे कपडे घातलेली. त्यांच्या पुढं एक निवृत्त अधिकारी होते, अगदी सभ्य. सगळं बोलणं कन्नडमध्येच झालं.

"मॅडम, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे," ते म्हणाले. "पण इथं लहान मुलं आहेत."

अक्कांनी त्यांना सगळं सांगितलं. दम घेत घेत, पण एकही पायरी न गाळता. आपला तुकडा कसा काढला, नळ्या कशा झाकल्या, काय सापडलं, काय नाही.

"ते तुम्ही म्हणता. पण कशावरून?"

"हिनं केलीय तपासणी. कागद दाखवू?"

"कागद काय हो, कुणीही छापतं."

अक्का गप्प झाल्या. मान कलती झाली. त्या गृहस्थांचा श्वास ऐकायला लागल्या. आणि त्या गृहस्थांनी, त्यांना अक्कांच्या सवयीबद्दल काहीही माहीत नसताना, श्वास रोखला आणि एक पाऊल मागे घेतलं.

अक्कांनी ते पाहिलं. मी त्यांच्या शेजारीच होते, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी थंड होत जाताना मला दिसलं. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं. गृहस्थ आणखी मागे गेले. अक्का आणखी पुढं. त्यांच्यामागची माणसं आपोआप दोन्हीकडे पांगली. कुणीतरी आपली मोटारसायकल घाईघाईनं ओढून घेतली, मग दुसऱ्यानं.

अक्का वळून म्हणाल्या, "सिद्दप्पा, हाक मेंढरं. मी पुढं चालते."

मग आम्ही चाललो. पुढं अक्का, त्यांच्या मागे सिलिंडरची ट्रॉली ओढत मी, आणि आमच्या मागे कळप. ट्रॉलीचं एक चाक खडखडत होतं. त्याचा आवाज पुढं जायचा आणि त्या आवाजानं खिडक्या लागायच्या. एक लागली, मग समोरची, मग वरच्या मजल्यावरची. एका फाटकापाशी एक बाई मुलाला कवेत घेऊन उभी होती, तिनं मुलाचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. अक्कांना मध्ये खोकल्याची उबळ आली. त्या थांबल्या, रुमालात पाणी धरलं. सगळा कळप त्यांच्यामागे थांबला. एवढ्या मोठ्या रस्त्यावर तेव्हा एकही माणूस नव्हता. आमच्या मागे मात्र दारं उघडत होती. फिनेलचा वास आला म्हणून मी वळून पाहिलं, तर ज्या वाटेवरून आम्ही आलो होतो तिच्यावर लोक बादल्या ओतत होते.

तळ्यावर पोचल्यावर मेंढ्या पाण्याकडे धावल्या. अक्का बांधावर बसल्या. त्यांचे ओठ निळे झाले होते. मी ऑक्सिजन वाढवला. सिद्दप्पानं आपली घोंगडी त्यांच्या खांद्यावर घातली आणि तो लांब जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

बऱ्याच वेळानं अक्का म्हणाल्या, "माझ्या आज्जाला गावात असंच चालायला लावायचे. आवाज करत. त्याची सावली कुणावर पडू नये म्हणून कडेनं."

मी घोंगडी त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली.

"मी मधून चालले की पण," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसण्यानं पुन्हा पाणी वर आलं.

त्यानंतर अक्का फार दिवस राहिल्या नाहीत. घरीच गेल्या, सकाळी, खाली बांगड्यांचं दुकान उघडत असताना. पुण्यानुमोदनाला सिद्दप्पा आला होता. कितीदा आत बोलावलं तरी जिन्याच्या पायरीवरच बसून राहिला आणि तिथंच जेवला. काळ्या तोंडाच्या म्हातारीची कोकरं आणि त्या कोकरांची कोकरं आता त्याच्या कळपात निम्म्याहून जास्त आहेत. अजून त्यांच्यात पाणी आलेलं नाही. हिरेमठांनी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडून खुलासा छापून आणला आणि लेआउटच्या फाटकावर लावला, आणि पुढच्या उन्हाळ्यात कळप अडवायला कुणी आलं नाही. फिनेल अजून ओततात म्हणे, एक-दोन घरं.

हॉस्पिटलातल्या अक्का मी नंतरही पाहिल्या, घरातल्याही. पण शेवटचं पाहिलं असं मनात येतं ते त्या संध्याकाळचं, तळ्यावरचं. मी ऑटो आणायला मेन रोडपर्यंत चालत गेले होते. परत आले तेव्हा उजेड जेमतेम राहिला होता. सिद्दप्पा पलीकडच्या काठाला भावाची जखम धूत होता. बांधाच्या उतारावर कळप बसला होता, राखाडीत राखाडी. ट्रॉली बांधावर एकटी उभी होती. अक्का तिच्यापाशी नव्हत्या.

मी धावले. सिलिंडरची नळी ताणून उताराकडे गेली होती आणि मेंढ्यांच्या पाठींमध्ये दिसेनाशी झाली होती. सगळा उतार श्वास घेत होता, ओला, रटरटता, आणि त्यातला कुठला कुणाचा हे मला ओळखता येईना.

"अक्का!" मी हाक मारली.

सगळ्या माना एकदम वर झाल्या. सगळे डोळे माझ्याकडे लागले, शांत, कुणी परकं आलंय हे जोखणारे. मग त्यांच्या मधोमध घोंगडीतून आणखी एक मान वर आली, नाकाला नळी लावलेली. तिनंही माझ्याकडे तसंच पाहिलं. मेन रोडवरून ऑटोवाला हॉर्न देत होता. मी पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, आणि मारली नाही. मग एकेक करत माना खाली गेल्या, आणि त्यांच्याबरोबर अक्कांचीही.